मोंढ्यातला भाव आणि दिल्लीतली अधिसूचना

१९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क केंद्र सरकारनं माफ केलं. आधी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती, पण ऑगस्ट संपायच्या आतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. दिलेलं कारण खोटं नव्हतं. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क जाहीर केलं होतं, तयार कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या होत्या आणि गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. पण त्याच आठवड्यात परभणी, जालना, बीडकडच्या रानात पऱ्हाटीला पाती-फुलं लागलेली होती. जूनमध्ये सरकी लावताना बाहेरच्या रुईवर ११ टक्के शुल्क होतं, वेचणीच्या तोंडावर ते शून्य झालं. हमीभाव मध्यम धाग्यासाठी क्विंटलला ७७१० रुपये जाहीर झालेला होता. खेडा खरेदीवाल्यानं मात्र कापूस हातात घेऊन पहिलं वाक्य टाकलं ते आयातीचं.

व्यापार खुला केला की गरीब देशांची वाढ होते की नाही, यावर जगात पन्नास वर्षं वाद चालू आहे. मराठवाड्यातून पाहिलं तर त्या वादातला एक मुद्दा फार ठळक दिसतो आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. खुलेपणानं किती फायदा झाला हे ठरवताना शुल्क किती होतं एवढंच पाहून भागत नाही. ते कोणत्या महिन्यात बदललं आणि बदलणार हे आधी कोणाला माहीत होतं, हेही पाहावं लागतं. माझं म्हणणं असं की आपल्या शेतीमालाच्या वाट्याला ना धड संरक्षण आलं, ना धड खुला व्यापार. वाट्याला आली ती लहर. आणि लहरीवर कोणीही पैसे गुंतवत नाही, मग तो कारखानदार असो की तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी.

आधी अर्थशास्त्रज्ञांचं थोडक्यात. १९९५ मध्ये जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर यांनी खुले देश आणि बंद देश अशी विभागणी करून दाखवलं की खुले देश वेगानं वाढले. काही वर्षांनी फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ आणि दानी रॉड्रिक यांनी ती मोजणी उलटसुलट करून पाहिली. त्यांचा आक्षेप असा, की ज्या देशांना 'बंद' ठरवलंय तिथं काळा बाजार, सरकारी मक्तेदारी, मोडलेली अर्थव्यवस्था अशी दहा दुखणी आहेत, सगळं पाप आयातशुल्काच्या माथी कसं मारणार? तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटेल असं वाटतही नाही. पण देशोदेशीचे दाखले बघितले की काही गोष्टी नाकारता येत नाहीत. व्हिएतनामनं १९८६ मध्ये धोरण बदललं, शेतकऱ्याला जमिनीचा आणि मालाचा हक्क दिला, आणि तांदूळ आयात करणारा तो देश १९८९ पर्यंत मोठा निर्यातदार झाला. हैतीनं १९९५ मध्ये तांदळावरचं शुल्क ३ टक्क्यांवर आणलं आणि अमेरिकेच्या अनुदानित तांदळापुढं तिथला भात पिकवणारा झोपला. ते धोरण पुढं रेटणाऱ्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमितीपुढं ती चूक असल्याचं स्वतः कबूल केलं. दोन्ही देशांनी दारं उघडली. फरक एवढाच, की व्हिएतनामचा शेतकरी विकायला बाहेर पडला, हैतीच्या शेतकऱ्याच्या घरात दुसऱ्याचा माल आला.

आपल्याकडं १९९१ च्या जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला, आणि ८० टक्क्यांच्या आसपास असलेलं सरासरी आयातशुल्क पाच-सहा वर्षांत निम्म्याच्या खाली आलं. देशाची वाढ झाली यात शंका नाही. ती कुठं आणि कोणाची, हे पेटिया टोपालोव्हा यांनी जिल्हावार तपासलं. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांना शुल्ककपातीचा जास्त फटका बसला, तिथं गरिबी कमी होण्याचा वेग इतरांपेक्षा मंद राहिला. कारण माणसं एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात, एका गावातून दुसऱ्या गावात सहज सरकू शकली नाहीत. पुस्तकात मजूर कापडगिरणीतून उठून मोटारीच्या कारखान्यात जातो. नांदेडच्या गिरणीतून सुटलेला कामगार संभाजीनगरजवळच्या वाळूजला गेला का? काही थोडे गेले असतील. बाकीच्यांनी पानटपरी टाकली, ऑटो घेतला, नाहीतर गावाकडं परतले.

वाळूजचं नाव निघालंच आहे तर तिथली गोष्ट नीट सांगायला हवी, कारण खुल्या व्यापारावर नुसती आगपाखड करणारे ती टाळतात. बजाजचा कारखाना तिथं १९८५ मध्ये आला. आज तिथल्या दुचाकी आणि तीनचाकी आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत रस्त्यावर पळतात. भोवती सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. सिल्लोड, गंगापूर, पैठणकडची पोरं आयटीआय करून तिथं लागली. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत वितळतं त्या भंगारातलं काही परदेशातून येतं. ते महाग झालं तर भट्ट्या थंडावतील. म्हणजे आयात आणि निर्यात या दोन्हींवर मराठवाड्यातली हजारो घरं जगतात. 'स्वदेशी'च्या नावाखाली हे सगळं बंद करा म्हणणाऱ्यानं आधी चिकलठाणा-शेंद्र्याला एक फेरी मारावी.

पण याच शेंद्र्याची दुसरी बाजूही आहे. स्कोडानं २००१ मध्ये तिथं गाड्या जोडायला सुरुवात केली, ती आपल्या हवापाण्यावर भुलून नव्हे. तयार गाडी बाहेरून आणायची तर शुल्क साठ ते शंभर टक्क्यांच्या घरात, सुटे भाग आणून इथं जोडायची तर बरंच कमी. तो हिशेब कंपनीला दहा-वीस वर्षांसाठी मांडता आला. दिवाळीत गाड्या महाग झाल्या म्हणून तयार गाडीवरचं शुल्क रातोरात शून्यावर आणलं, असं कधी झालं नाही. झालं असतं तर शेंद्र्यात शेडच उभं राहिलं नसतं. भिंत होती, पण ती जागची हलत नव्हती, म्हणून तिच्या आधारानं कारखाना उभा राहिला. मोटारीला जे मिळालं ते तेलबियांना मिळालं असतं तर?

तेलबियांचा इतिहास तर जिवाला लागावा असा आहे. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली. नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. आयात गरजेच्या अगदी थोड्या टक्क्यांवर आली होती. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली केली, शुल्क ६५ टक्के. १९९५ मध्ये ते ३० वर, १९९८ मध्ये १५ वर. नंतर पुन्हा चढवलं, २००८ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर शून्य केलं, पुन्हा चढवलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये मूळ शुल्क पुन्हा शून्य. सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के, ३० मे २०२५ ला १० टक्के. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. आणि हे सगळं चालू असतानाच लातूर, धाराशिव, हिंगोली, नांदेड हा पट्टा ज्वारी, मूग, उडीद, भुईमूग सोडून सोयाबीनवर आला. मे अखेरीचा निर्णय पुन्हा पाहा. बियाणं घरात आणून ठेवलेलं, मृगाची वाट बघणं चालू, आणि तेवढ्यात शुल्क अर्ध्यावर. निदान हा निर्णय पेरणीआधी तरी आला, एवढंच समाधान.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मोंढ्यावरच्या भाषणांत ती हमखास चुकते. तेलावरचं शुल्क वाढवलं की सोयाबीनचा भाव आपोआप वर जातो, हे अर्धवट खरं आहे. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के निघतं, बाकी पेंड. भाव खरा ठरतो तो पेंडेवर. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क चांगलं वाढवूनही त्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं. ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त आहे, त्यात भर म्हणून मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात शिरला. तो चोथा आपल्याच देशातला, आपल्याच इथेनॉल धोरणाचा. तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांना देऊन चालणार नाही. आपल्याकडं हेक्टरी एक टनाच्या आसपास उतारा आणि ब्राझीलमध्ये तीन टनांच्या वर, हा फरक कोणत्याही शुल्कानं भरून निघणारा नाही. त्यातली गंमत अशी, की जनुक बदललेल्या सोयाबीनचं तेल आपण बिनदिक्कत आणतो, ऑगस्ट २०२१ मध्ये तसल्याच सोयाबीनची १२ लाख टन पेंडही येऊ दिली, पण तेच बियाणं इथल्या शेतकऱ्याला पेरायला बंदी. मी त्या बियाण्याचा वकील नाही. मात्र ते वाईट असेल तर त्याचं तेलही बंदरावर अडवा, आणि चांगलं असेल तर बांधावर का अडवता, हा शेतकऱ्याचा प्रश्न टोलवता येण्यासारखा नाही.

त्या २०२१ ची आठवण अजून ताजी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. खरं सांगायचं तर तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात एक पोतंही नव्हतं. माल दिवाळीलाच आडतीवर गेला होता आणि चढ्या भावाचा मलिदा साठेवाल्यांनी खाल्ला. पण त्या भावाकडं बघून पुढच्या हंगामाचं गणित मांडलं गेलं. मग पेंड आली, भाव निम्म्यावर उतरला, आणि २० डिसेंबरला वायदे बाजारातून सोयाबीनच काढून टाकलं. पुढचा भाव काय राहील याचा अंदाज बांधायची जी एक मोडकीतोडकी सोय होती, तीही गेली.

तुरीचं तर याहून वाईट झालं. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. सरकारनं सांगितलं, तूर पेरा. मराठवाड्यानं पेरली, आणि २०१६ ला पाऊसही झाला. देशातलं उत्पादन एका वर्षात २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांपर्यंत गेलं. त्याच वर्षी डाळींची आयात ६६ लाख टन झाली, तोवरची विक्रमी. आणि निर्यात? तिच्यावर २००६ पासून बंदी होती. माल आत यायला मोकळीक, बाहेर जायला मज्जाव, आणि मधे कोंबलेला शेतकरी. हमीभाव ५०५० आणि मोंढ्यात त्याहून हजार-बाराशे कमी. खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरांच्या रांगा, बारदाना नाही, चाळणी नाही, ग्रेडर सुटीवर. निर्यातीवरची बंदी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे लातूर-उदगीरच्या शेतकऱ्यानं तूर मिळेल त्या भावानं विकून टाकल्यावर आठ महिन्यांनी. याला उदारीकरण म्हणणाऱ्यांनाही आणि उदारीकरणाचे बळी म्हणणाऱ्यांनाही माझा एकच सवाल आहे: खुला व्यापार असा एका बाजूनं असतो का?

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारला जाग आली आणि तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इकडं टाळ्या पडल्या. तिकडं मोझांबिकमध्ये काय झालं हे आपल्याकडं फारसं कोणी लिहिलं नाही. तिथले लोक तूर फारशी खात नाहीत, भारतासाठी पिकवतात. आपणच २०१६ मध्ये त्यांच्याशी डाळींच्या खरेदीचा करार केला होता. दोन-पाच एकरांवर कुदळीनं शेती करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या भरवशावर तूर लावली आणि दिल्लीच्या एका कागदानं त्यांचा भाव कोसळला. विकसनशील देशांवर श्रीमंत देश अन्याय करतात हे आपण जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत छाती ठोकून सांगतो, आणि ते खरंही आहे. पण मोझांबिकमधल्या नामपुलाचा तूरवाला आणि औशाचा तूरवाला यांचं एकाच वर्षी, एकाच सरकारच्या धरसोडीनं वाटोळं झालं, हे कुठल्या खात्यात मांडायचं?

ही धरसोड फक्त तुरीपुरती नाही. मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी आली, ओरड झाली, आठवडाभरात मागे घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली. साखरेचंही तसंच. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच वर्षानुवर्षं सांगत होते. डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावरून, महाराष्ट्रातले डावे-समाजवादी रस्त्यावर उतरले होते, तेव्हा जोशींनी उलट भूमिका घेतली: शेतकऱ्याला सरकार देतं ती सबसिडी उणे आहे, बाजार खुला करा, तो आपलं बघून घेईल. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही; जगातला बाजार ते समजत होते तितका सरळ नाही, तिथं अमेरिका आणि युरोपची अनुदानं मांडी घालून बसलेली आहेत. पण 'उणे' हा त्यांचा शब्द आकड्यांनी खरा ठरवला. ओईसीडी ही प्रामुख्यानं विकसित देशांची संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के होता. खत, वीज, पाण्याची सगळी सवलत धरूनही उणे. कारण निर्यातबंदी आणि साठामर्यादांनी त्याचा भाव जगातल्या भावाखाली दाबला.

मराठवाड्याला व्यापारावरच्या नाक्यांचा अनुभव जुना आहे, हे जाता जाता सांगतो. निजामाच्या राज्यात इंग्रजी मुलखात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर करोडगिरी द्यावी लागे. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कार्यकर्त्यांनी जे पहिलं जाळलं त्यात करोडगिरीचे नाके होते. पण त्या नाक्यावरच्या शिपायाला किती पैसे टेकवायचे हे निदान गाडीवानाला माहीत असे.

आता आक्षेपाकडं. तेल, डाळ महाग झाली तर खाणार कोण? हा शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न आहे असं म्हणून आमचे शेतकरी पुढारी तो उडवून लावतात. ते लबाडीचं आहे. केज, धारूर, पाटोद्याहून उचल घेऊन कोयता उचलणारी जोडपी शेतकरी असली तरी बाजारातून तेल आणि डाळ विकतच घेतात. कारखान्याच्या तळावर पालात शिजणाऱ्या भाजीला पामतेलच असतं. भूमिहीन मजूर, एक-दीड एकरवाला, गावातला शिंपी-सुतार, यांच्यासाठी दहा रुपयांनी महागलेलं तेल म्हणजे दहा रुपयांचं कमी तेल. त्यामुळं शुल्क ढगाला टेकवा अशी मागणी मी करणार नाही. महागाई आवरणं हे सरकारचं कामच आहे. माझी तक्रार एवढीच, की ते काम प्रत्येक वेळी एकट्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होतं. खाणाऱ्याला जपायचं तर रेशनवर तेल-डाळ द्या आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात दाखवा. तो कापसाच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या भावात लपवू नका. लपवलेला खर्च कोणी मोजत नाही, म्हणून तो वाढत जातो.

करायचं काय, याचं उत्तर फार मोठं नाही. कृषिमूल्य आयोग खरिपाचे हमीभाव पेरणीआधी सुचवतो. त्याच अहवालात तेल, डाळी आणि कापसाच्या आयातीचं शुल्क किती राहील हेही सुचवावं, आणि सरकारनं ते ३१ मेच्या आत जाहीर करून पुढच्या ३१ मार्चपर्यंत हात लावू नये. सोयाबीन तेलावर जागतिक व्यापार संघटनेत आपण ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य केलेली आहे, तिच्या आत भरपूर जागा आहे. हमीभावापेक्षा स्वस्तात माल बंदरावर उतरणार नाही एवढं शुल्क ठेवायचं, त्याहून जास्त नको. युद्ध, महामारी, भीषण दुष्काळ अशा वेळी बदलायची पाळी आली तर संसदेपुढं कारण मांडून बदलावं. आणि आयातीला जो नियम तोच निर्यातीला: एक दार मोकळं असताना दुसऱ्याला कुलूप नको. सोयाबीनचे वायदे पुन्हा सुरू करावेत. दिवाळीला माल न विकता गोदामात ठेवून पावतीवर कर्ज घेता यावं, अशी गोदामं तालुक्यातालुक्यात हवीत. लातूर सोडलं तर ती फारशी वापरात नाहीत.

यात शेतकऱ्याला जास्त भावाची हमी नाही, हे मला कळतं. शुल्क स्थिर राहिलं तरी सोयाबीनचा जगातला भाव जिथं ठरतो तो शिकागोचा बाजार पडायचा तेव्हा पडेल, सप्टेंबर २०२५ सारखा पाऊस आला तर उभं सोयाबीन पाण्यात जाईल. पण कोणतं पीक घ्यायचं, किती एकरावर घ्यायचं, ठिबकला कर्ज काढायचं की नाही, हे ठरवताना किमान एक आकडा तरी जागेवर असेल. डाळमिलवाल्यालाही तो हवाच आहे. लातूरचे मिलवाले आयात तूर आणि देशी तूर दोन्ही घेतात, आणि बंदरावर माल असताना धोरण फिरलं की त्यांचेही हात पोळतात.

आणि हे किती साधं आहे बघा. १५ मे २०२१ ला तुरीची आयात मोकळी झाली, ती मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालू राहिली. मार्च २०२५ पर्यंतची वाढ जाहीर झाली डिसेंबर २०२३ च्या अखेरीस. मार्च २०२६ पर्यंतची जाहीर झाली जानेवारी २०२५ मध्ये. मराठवाड्यात तुरीची रास डिसेंबर-जानेवारीतच होते. या दोन्ही अधिसूचनांतला एकही शब्द न बदलता त्या सहा महिने आधी, जूनमध्ये काढल्या असत्या, तर सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही जास्त गेला नसता, आणि तिफण धरण्याआधी तूर घ्यायची की नाही हे शेतकऱ्याला ठरवता आलं असतं.